अंकांची वाट

“पण अक्का, मूल जागचं हललंच नाही, तर त्याला शिकवायचं कसं?”

हौसाक्कानं सुईत दोरा ओवला. 

हौसाक्का म्हणजे गावच्या बालवाडीच्या जुन्या बाई. हिरण्यकेशीच्या काठावरच्या त्या गावात निम्म्या माणसांच्या हाताला धरून पहिला ‘ग’ तिनंच गिरवून घेतला होता. आता सत्तरी उलटली होती, बालवाडी सुटली होती, उजवा गुडघा कामातून गेला होता, उभ्यानं खाली वाकवत नव्हतं. घराच्या परसदाराला तीन उंच पायऱ्या होत्या. त्या तिनं दोन वर्षांत उतरल्या नव्हत्या. मागच्या शेवग्याच्या शेंगा शेजारीणच काढून आणून देई. दिवसभर पुढच्या सोप्यात बसून जुन्या लुगड्यांच्या वाकळा शिवायच्या, एवढंच काम उरलं होतं. तरी गावात कुणाचं मूल अडलं, की माणसं तिच्याच दारात येत.

आज मृदुला आली होती.

मृदुला इंगवले, वय सव्वीस. एकेकाळी हौसाक्काच्याच बालवाडीत शेंबूड ओढत बसलेली. पुढं कोल्हापुरात बालशिक्षणाचा कोर्स पहिल्या नंबरानं पास झाली आणि गावातल्याच एका संस्थेच्या बालवर्गावर बाई म्हणून लागली. ज्ञान ताजं होतं, आणि ताजं दूध जरा उतू जातंच.

“मी मुलांना बसवून ठेवतच नाही अक्का,” ती पायरीवर उभी राहूनच बोलत होती. “ते तुमच्या वेळचं ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ आमच्याकडे बंद. वर्गाच्या फरशीवर एक ते दहा अंक रंगवून घेतलेत. चांगले सुपाएवढे मोठे, ऑइलपेंटनं. अंकांची वाट म्हणतो आम्ही त्याला. मी डफली वाजवते. तीन म्हटलं की तिनावर उडी, पाच म्हटलं की पाचावर. अंगानं शिकलेलं मूल विसरत नाही.”

“ब्येस हाय की.”

“जिल्ह्याच्या शिबिरात फोटो लावले होते माझ्या वर्गाचे.”

“आणि ब्येस.”

मृदुलानं ओढणी सावरली. एवढं कौतुक तिला पुरलं नाही, पण ती त्यासाठी आलीही नव्हती.

“चोवीस मुलं उड्या मारतात, अक्का. एकटी कस्तुरी मारत नाही.”

“कुणाची?”

“बुरूड आळीतली. आई काजूच्या कारखान्यात जाते, आजोबा सुपं-टोपल्या विणून बाजारात बसतात. साडेचार वर्षांची आहे. जूनमध्ये आली, आता दसरा होऊन आठवडा झाला. एक पाऊल टाकलं नाही तिनं त्या वाटेवर. दाराशी उभी राहते आणि नुसती बघते. गोड बोलून झालं. खाऊ दाखवून झाला. वर्गातल्या मावशींनी एकदा हात धरून ओढून पाहिलं.”

“मग?”

“मग काय... रडून गोंधळ.”

हौसाक्कानं एक टाका घातला, दुसरा घातला.

“आन् बोलती का?”

“वर्गात एक शब्द नाही. सूचना समजतात की नाही, तेच कळत नाही. अंक तर ओळखतच नाही. ओळखत असती तर एकदा तरी गेली असती ना त्याच्यावर!”

मृदुलानं पर्समधून घडी केलेला कागद काढला आणि उंबऱ्यावरून आत दिला. हौसाक्कानं दोऱ्यानं बांधलेला चष्मा डोळ्यांवर चढवला आणि कागद लांब धरून वाचायला लागली. संस्थेचा छापील तक्ता होता. मृदुलाच्या वळणदार अक्षरात त्यात लिहिलं होतं: हालचालीत भाग घेत नाही. सूचना समजत नाहीत. अंक ओळखत नाही. माती खाण्याची सवय आहे. बालवर्गासाठी तयार नाही.

खाली सही.

“ह्ये कशापाय?”

“उद्या मोठ्या बाईंना द्यायचंय. पंचवीसच जागा आहेत अक्का, आणि बाहेर सहा मुलं थांबलीत. तयार नसलेल्या मुलाचं नाव काढायचं आणि दुसऱ्याला घ्यायचं, असं ठरलंय. पुढच्या वर्षी येईल की ती.”

“येईल?”

गावातलं मृदुलालाही ठाऊक होतं. एकदा घरी बसलेली पोर आजोबांबरोबर बाजारात बसणार, मग धाकटी भावंडं सांभाळणार, आणि मग पुढचं वर्ष कुणाच्या ध्यानातही राहणार नाही.

“सही तर करून आलीयास,” हौसाक्का म्हणाली. “मग माझ्या दारात काय काम काढलंस?”

हे मात्र मृदुलाला नीट सांगता येईना. सही करून चार दिवस झाले होते. चारही दिवस डफली वाजवताना तिची नजर सारखी दाराकडे जात होती. तिथं ती पोर दोन वेण्या घालून, पावलं जुळवून उभी असायची. कागद पर्समध्ये होता आणि पर्स जड झाली होती. कुणीतरी मोठ्या माणसानं एकदा ‘बरोबर केलंस’ म्हणावं, म्हणजे मन शांत होईल, असं तिला वाटत होतं.

“तुम्ही एकदा म्हणा अक्का... बरोबर केलंस म्हणून.”

हौसाक्कानं चष्मा काढला.

“माती खाती म्हणून लिवलंयास. तू बगितलीस?”

“बघितली ना. मावशींनी ओढून तिचा पाय एक्क्यावर ठेवला, तशी ती खाली वाकली. फरशीला हात लावला आणि तोंडाकडे नेला. दोन-तीनदा. मी लांब होते, डफली वाजवत होते. पण दिसलं मला.”

“फरशीवर माती असती व्हय तुमच्यात?”

“छे! रोज दोनदा पुसून घेते मी.”

“मग खाती काय?”

हौसाक्कानं हातातली सुई वाकळेला टोचून ठेवली. उंबऱ्याच्या आत, पाऊल टाकायचं त्याच जागी, तिनं तो कागद उलगडून जमिनीवर ठेवला. अक्षरं वर आली. वाऱ्यानं उडू नये म्हणून एका कोपऱ्यावर कातर ठेवली. सोपा तो केवढा. एका अंगाला वाकळ पसरलेली, दुसऱ्या अंगाला शिलाई मशिन. मधे वीतभर वाट होती आणि ती कागदानं भरून गेली.

“किती वेळ पायरीवर उभी ऱ्हाशील? ये आत. च्या टाकते.”

“थांबा, कागद उचलते.”

“उचलू नगंस. पाय दे त्येच्यावर आन् ये.”

मृदुला हसली. म्हातारी चेष्टा करते आहे असं तिला वाटलं. पण हौसाक्का हसत नव्हती.

मृदुलानं चप्पल काढली. उजवा पाय उचलला.

पाय उंबऱ्यावरून पुढं गेला आणि तिथंच थांबला.

खाली अक्षरं होती. तिचीच होती, निळ्या शाईतली. पाऊल त्यांच्यावर टेकेना. बरं, लांब टांग टाकून कागद ओलांडावा, तर तेही होईना. कागद ओलांडायचा नसतो. हे तिला कुणी शिकवलं आणि कधी, ते काही केल्या आठवत नव्हतं. तिला एवढंच कळत होतं की हा पाय खाली जाणार नाही.

“ये की.”

“अक्का...”

“सोप्पी तर गोष्ट हाय. तुला सांगितल्यालं समजंना का?”

“समजतंय.”

“मग पाय दुकतोय?”

“नाही.”

“मग?”

“कागद आहे हो. अक्षरं आहेत त्याच्यावर. पाय कसा देऊ?”

एका पायावर उभ्या असलेल्या मृदुलाकडं हौसाक्का बघत राहिली. मग मान डोलावून म्हणाली, “लिवून ठेव की मग. मृदुला इंगवले, वय सव्वीस. हलत न्हाई. सूचना समजत न्हाईत. तयार न्हाई.”

मृदुलाचा पाय आपोआप मागं आला.

तिच्या हाताला आपली जुनी पाटी आठवली. दसऱ्याला आई त्या पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढून द्यायची. खाली एक, वर एक, बाजूला एक, सगळे एकच. त्यांवर झेंडूचं फूल ठेवायचं, हळदकुंकू वाहायचं. एरवी कधी पाटीला पाय लागला, की खाली वाकायचं, हात पाटीला लावायचा आणि...

आणि कपाळाला.

“माती नव्हती खात ती,” मृदुला म्हणाली.

हौसाक्कानं सुई पुन्हा हातात घेतली.

“पाया पडत होती. आम्ही तिला ओढून एक्क्यावर उभं केलं, आणि ती पोर पाया पडत होती. आणि मी... मी ते लिहून ठेवलं.”

ती पायरीवर बसली. तिला रडू आलं आणि तिनं ते लपवलं नाही. स्वतःची एवढी लाज तिला कधी वाटली नव्हती. पहिला नंबर, शिबिरातले फोटो, सगळं त्या क्षणी तिला नकोसं झालं.

हौसाक्कानं तिला रडू दिलं. वाकळेचे चार-पाच टाके घालून झाल्यावर ती बोलली.

“त्या पोरीचा आजा माझ्याकडं आला हुता जूनात. पाटी कंची घ्यावी, ईचारायला. त्येला सही येत न्हाई. पाटी घेतली आन् पयल्यांदा देव्हाऱ्यात ठिवली. म्हनला, अक्का, आमच्यात ही पयल्यांदाच आली.”

“मला का नाही सांगितलंत?”

“तू कवा ईचारलंस?”

बाहेर रस्त्यावरून कुणाची तरी बैलगाडी गेली. मृदुलानं ओढणीनं डोळे पुसले. रडून झाल्यावर तिच्यातल्या बाई पुन्हा जाग्या झाल्या.

“उद्याच फरशीवरचे अंक खरवडून काढते.”

“आन् त्या चोवीस पोरांनी काय पाप केलंय? त्येस्नी उड्या आवडत्यात न्हवं?”

“आवडतात. शिकतातही.”

“मग?”

“मग कस्तुरीला जवळ घेऊन सांगते. बाळा, असं काही नसतं, पाय दिला तरी चालतो.”

“आज्यानं शिकिवलेलं पुसून टाकणार?”

“नाही... तसं नाही...”

“मग कसं?”

“मग करू काय मी? अंक ठेवायचे, पोरं हलली पाहिजेत, आणि हिनं पायही द्यायचा नाही. हे जमायचं कसं अक्का?”

हौसाक्कानं दोरा दातानं तोडला.

“उद्या येते मी,” ती म्हणाली. “गुडघा आला संगं तर.”

मृदुला उठली आणि चालू लागली. कागद आपण मागंच ठेवला, हे घरी पोचेपर्यंत तिच्या लक्षात आलं नाही. लक्षात आलं तेव्हा परत जायचा धीर झाला नाही.

सकाळी वर्ग भरला. चोवीस मुलं अंकांच्या वाटेवर नाचत होती आणि पंचविसावी दाराशी पावलं जुळवून उभी होती. तेवढ्यात काठीचा आवाज आला.

हौसाक्का आली होती. एका पायानं चांगलीच लंगडत होती. लुगड्याच्या काठाला ओला चिखल लागला होता आणि डोईवरच्या पदरात शेवग्याची पानं अडकली होती. ही कुठून आली असेल, असं मृदुलाच्या मनात येऊन गेलं, पण विचारायला सवड नव्हती.

हौसाक्कानं चपला बाहेर काढल्या. कस्तुरीशी ती एक शब्द बोलली नाही. तिच्या शेजारी तशीच उभी राहिली आणि ती बघत होती तिकडं बघत राहिली. बराच वेळ दोघी नुसत्या उभ्या होत्या. एकीचं डोकं दुसरीच्या कमरेला लागत होतं.

मग म्हातारीनं काठी भिंतीला टेकवली. एक्क्यापाशी गेली, हात जोडले, आणि त्याला उजवी घालून हळूहळू एक प्रदक्षिणा घातली. पाऊल रंगाला कुठं लागलं नाही.

तिथून ती दोनापाशी गेली. पुन्हा हात जोडले. दोन प्रदक्षिणा.

तिनाला तिसरा फेरा चालू होता तेव्हा मृदुलानं पाहिलं, की दार रिकामं आहे.

कस्तुरी हौसाक्काच्या मागं चालत होती. हात जोडलेले होते. एकेक पाऊल जपून टाकत होती, पण टाकत होती. तिनाच्या पोटाशी आत वळत होती, शेपटाशी बाहेर येत होती. तिनाचा सगळा आकार ती पावलांनी चालून जात होती.

मृदुलाच्या हातातली डफली कधी वाजायला लागली ते तिलाच कळलं नाही. एका फेऱ्याला एक थाप. उड्या मारणारी मुलं थांबली, बघत राहिली, आणि त्यांतली चार-पाच जणं हात जोडून मागं लागली. चाराला चार फेरे झाले. पाचाला पाच. एवढा वेळ ही मुलं एका अंकापाशी कधी रमली नव्हती. मावशी झाडू हातात धरून दारात उभ्या राहिल्या.

सहाला हौसाक्काचा श्वास लागला. तरी सहा फेरे झाले.

सातापाशी तिनं हात जोडले. एक... दोन... तीन... गुडघा वाकेना झाला होता, पाऊल फरफटत होतं. चार... पाच... सहा. सहावा फेरा पुरा करून हौसाक्का थांबली आणि आठाकडं वळली.

मागून तिचा पदर ओढला गेला.

“आज्जी,” कस्तुरी म्हणाली, “एक ऱ्हायला.”

जूनपासून त्या वर्गात ऐकू आलेला तो तिचा पहिला शब्द होता. म्हातारी मुद्दाम चुकली की गुडघ्यामुळं चुकली, हे मृदुलाला पुढंही कधी कळलं नाही. तिनं डफलीवर सातवी थाप मारली आणि तोंड भिंतीकडं फिरवलं, कारण मुलांसमोर रडायचं नाही असं तिनं कोर्समध्ये लिहून घेतलं होतं.

“आता तू म्होरं हो,” हौसाक्का कस्तुरीला म्हणाली. “मला म्हातारीला कुटलं ध्येनात ऱ्हातंय.”

कस्तुरी पुढं झाली. आठाला तिनं आठ फेरे घातले, मोठ्यानं मोजत, आणि रांगेत गडबड करणाऱ्या एका पोराला दटावलंसुद्धा. “पाय लावू नगंस रं!”

तेवढ्यात मोठ्या बाई दारात आल्या. संस्थेच्या मुख्य बाई, हातात यादी.

“मृदुलाबाई, तो कस्तुरीचा कागद द्यायचा होता आज.”

“देणार नाही, बाई.”

“म्हणजे?”

“कागद चुकलाय. ती अंक ओळखते. मोजते. तुम्ही आत या आणि बघा. दुसरा कागद मी आजच लिहून देते.”

मोठ्या बाई आत आल्या. कस्तुरी नवापाशी पोचली होती. पाचव्या फेऱ्याला मोठ्या बाईंनी यादीची घडी घातली, आणि नवव्या फेऱ्याला त्यांच्याही पायातल्या चपला दाराबाहेर होत्या.

मृदुला हौसाक्काला पोचवायला फाटकापर्यंत गेली. म्हातारीनं तिच्या खांद्यावर भार टाकला होता. दर पावलाला तिच्या तोंडून हुं निघत होतं.

“अक्का, तुम्ही नसता तर...”

“चल, चल. पोरं एकटी हाईत.”

“काल तो कागद तुमच्याकडेच राहिला.”

“व्हय.”

“आता त्याचं काही काम नाही. गेल्यावर फाडून चुलीत टाका.”

हौसाक्का थांबली. पदरातलं शेवग्याचं एक पान काढून तिनं बाजूला टाकलं. चिखलानं भरलेला लुगड्याचा काठ थोडा वर उचलला आणि काठी पुढं टेकली.

“त्यो हाय तितंच हाय पोरी, दारात,” ती म्हणाली. “म्या परसदारानं उतरून आले.”